पोथीच्या एका पानासाठी सहल : शिक्षकांनी करायची तयारी

मुलांना मध्ययुगीन पोथी दाखवायला न्यायचे ठरले की पहिली चौकशी एकच करायची : सध्या कोणते पान मांडलेले आहे? पोथीची पाने सुटी असतात आणि काचेच्या पेटीत त्यांतली एक-दोनच ठेवतात. उजेडाने रंगाची होणारी झीज भरून येत नाही, म्हणून पाने काही महिन्यांनी बदलतात. कधी सगळी पोथीच विश्रांतीला जाते. मुंबईत फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संग्रहात कल्पसूत्र या जैन धर्मग्रंथाची सचित्र पाने आहेत. पण संग्रहात असणे वेगळे आणि दालनात असणे वेगळे. शाळेच्या लेटरहेडवर तीन आठवडे आधी पत्र द्या. त्यात इयत्ता, मुलांची संख्या, यायची वेळ आणि कोणती पोथी बघायची आहे ते लिहा. दप्तरे कुठे ठेवायची, डबे कुठे खायचे, बस कुठे थांबेल हेही त्याच पत्रात विचारून टाका. सहलीच्या चार-पाच दिवस आधी एका शिक्षकाने स्वतः जाऊन पान बघून यावे. पेटीची उंचीही बघावी. चौथीच्या मुलांना टाचा उंचावाव्या लागणार असतील तर मोठा वर्ग नेलेला बरा.

तारीख ठरवताना पर्युषण, म्हणजे जैनांचे पावसाळ्यातले व्रताचे दिवस, टाळा. कल्पसूत्र वाचतात ते पर्युषणातच, पण त्या दिवसांत वर्गातली जैन मुले उपासाला किंवा उपाश्रयात (जैन साधूंच्या निवासस्थानी) असतात. पाठोपाठ गणपती, आणि वर ओल्या छत्र्या. फेब्रुवारीच्या सुरुवातीला काळा घोडा महोत्सवाची गर्दी असते, बस जवळ येऊच शकत नाही. डिसेंबर उत्तम. लोकलने जाणार असाल तर अकरानंतर निघा. चर्चगेट किंवा सीएसएमटीहून मुलांच्या चालीने पंधरा-वीस मिनिटे धरा.

खरी तयारी वर्गात होते. आदल्या आठवड्यात प्रत्येक मुलाकडून पान करून घ्या. ए-फोर कागद लांबीत अर्धा कापला की साडेदहा सेंटिमीटर रुंदीची पट्टी मिळते. तिची लांबी 26 सेंटिमीटर ठेवून उरलेले कापून टाका. कागदी कल्पसूत्राचे पान साधारण एवढेच असते. एवढे आडवे का? चौदाव्या शतकापर्यंत या पोथ्या मुख्यतः ताडपत्रावर लिहीत, आणि ताडाचे पान लांब नि अरुंद. कागद आल्यावरही आकार तसाच राहिला. ताडपत्रातून दोरी ओवायला भोक असे. कागदाला त्याची गरज नव्हती, तरी त्या जागी लाल ठिपका काढत राहिले. मुलांच्या पानावर मधोमध हा ठिपका हवाच.

डाव्या बाजूला सात सेंटिमीटरचा चौकोन चित्रासाठी सोडा, उरलेल्या जागेत पेन्सिलीने सात ओळी आखा. मग बोरू (वेताची लेखणी) आणि काळी शाई. शब्दांत जागा सोडायची नाही, वाक्य संपले की दंड, म्हणजे उभी रेघ. शाई हमखास फुटते, कारण साधा कागद ती पिऊन टाकतो. पोथ्या लिहिणारे कागदाला खळ लावून तो घोटून गुळगुळीत करत. वर्गात स्टीलच्या चमच्याच्या पाठीने पाच मिनिटे घोटले तरी फरक दिसतो. चूक झाली तर खोडरबर देऊ नका, पिवळा पोस्टर कलर द्या. पोथीत चुकलेल्या अक्षरावर हरताळ हे पिवळे खनिज लावत. ‘हरताळ फासणे’ तिथूनच आले. खरा हरताळ मात्र वर्गात आणायचा नाही, त्यात आर्सेनिक असते.

एक गोष्ट फळ्यावर दाखवलीच पाहिजे : पृष्ठमात्रा. या पोथ्यांत ‘ए’ची मात्रा पुष्कळदा डोक्यावर नसते, अक्षराच्या आधी उभी रेघ म्हणून येते. मुलांना ती मागच्या अक्षराचा काना वाटते. ‘जिनदेव’ लिहिलेले असेल तर ती ‘जिनादव’ वाचतील. हे आधी सांगितले नाही तर लिपी देवनागरी असूनही मुले दुसऱ्या ओळीत वाचन सोडतात. भाषा प्राकृत आहे, अर्थ लागणार नाही, हेही सांगा. अक्षरे लागली तरी पुष्कळ झाले.

चित्रांची गोष्टही आधीच सांगून ठेवा. महावीरांची आई त्रिशला हिची चौदा स्वप्ने. देवानंदा या ब्राह्मण स्त्रीच्या उदरातला महावीरांचा गर्भ त्रिशलेकडे नेणारा देव हरिणेगमेषी, ज्याचे तोंड हरणाचे किंवा बोकडाचे दिसते. आधी माहीत नसेल तर पेटीपाशी खिदळणे सुरू होते, आणि शेजारी उभ्या असलेल्या कुणाचा तरी तो धर्मग्रंथ असतो. चेहरा एका बाजूने, तरी पलीकडचा डोळा गालाबाहेर आलेला : हे या शैलीचे लक्षण आहे, चित्रकाराची चूक नव्हे.

प्रत्यक्ष पेटीपाशी आठच्या वर मुले उभी करू नका. चाळीस मुलांचे पाच गट, प्रत्येकाला आठ मिनिटे. बाकीचे गट दुसऱ्या शिक्षकाबरोबर शिल्पे बघतील. अशा कागदावर उजेड साधारण 50 लक्सच (लक्स हे उजेडाचे माप), म्हणजे मंद, ठेवतात, त्यामुळे उन्हातून आलेल्या मुलांना आधी काहीच दिसत नाही. ‘सर, लाइट लावा ना’ हे ऐकायचे नसेल तर दालनात शिरल्यावर तीन-चार मिनिटे नुसते थांबा. फ्लॅश बंद. पेन दप्तरात, हातात फक्त पेन्सिल. हात पाठीमागे धरायला लावा. नाहीतर नाके काचेला टेकतात, धुके धरते आणि पुढच्या गटाला बोटांचे ठसे दिसतात.

शोधायला पाचच गोष्टी द्या : लाल ठिपका, दंड, एक पृष्ठमात्रा, बाहेर आलेला डोळा, पानाचा आकडा. आकडा बहुधा पानाच्या मागच्या बाजूला असतो. पुढची बाजू मांडलेली असेल तर तो सापडणार नाही, आणि का नाही हे एखाद्या मुलाने ओळखले तर त्याला शाबासकी द्या.

दुसऱ्या दिवशी आपापल्या पानाच्या शेवटी मुलांना पुष्पिका, म्हणजे पोथीच्या शेवटची नोंद, लिहू द्या : कोणी लिहिले, कुठे, कोणासाठी, कधी. सालाचे गणित तिथेच करून घ्या. शक सालात 78 मिळवले की इसवी सन येतो. विक्रम संवतातून 57 वजा करायचे. वर्षारंभ वेगवेगळे असल्याने एखाद्या वर्षाचा फरक पडतो. डिसेंबरची सहल असेल तर दोन्ही आकडे बरोबर जुळतात.