जुन्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याला काय घेतलं, काय नाही

बाबांचा जुना कॉम्पॅक्ट परत वापरायला काढला तर 64 जीबीचं कार्ड टाकलं की नुसतं 'कार्ड एरर'. कॅमेरा ठणठणीत होता हो, पण तो एसडीएचसी म्हणजे 32 जीबीपर्यंतच्या मेमरी कार्डांच्या काळातला, त्याहून मोठी एसडीएक्ससी कार्डं त्याला वाचताच येत नाहीत. 16 जीबीचं घेतलं, कॅमेऱ्यातच फॉरमॅट केलं, चालू! मग जादा बॅटरी, मॉडेल नंबर आणि व्होल्टेज जुळवूनच घ्या, डब्यावरच्या एमएएचच्या (बॅटरीच्या क्षमतेच्या) आकड्यावर भाळू नका. पावसाळ्यात आपल्याकडे लेन्सला बुरशी धरते म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवतो, स्वस्तातला सगळ्यात कामाचा खर्च हाच. मनगटाचा पट्टा हवाच. वरून चिकटवायच्या वाइड लेन्स मात्र नकोच, कडा पार धूसर येतात.