चित्रपटाने मत बदलले का, हे कसे तपासावे

चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाला ‘तुमचे मत बदलले का?’ असे विचारले, तर तो बहुधा होकार देतो, कारण डोळे अजून ओले असतात आणि विचारणाऱ्याचा हिरमोड करणे त्याच्या जिवावर येते. असे उत्तर कामाचे नसते. पुण्यातील एखाद्या महाविद्यालयीन गटाला किंवा ज्येष्ठ नागरिक संघाला पडद्याचा परिणाम खरोखर जोखायचा असेल, तर तयारी खेळाच्या पंधरा दिवस आधी सुरू करावी. सभागृहातील जाहीर प्रदर्शनासाठी हक्कधारकाची परवानगीही याच काळात मिळवावी.

प्रथम प्रश्न अरुंद करावा. ‘मानसिक आजार आणि समाज’ हा विषय एका संध्याकाळीत मावत नाही. ‘घरातल्या माणसाला स्किझोफ्रेनिया आहे, हे शेजाऱ्यांना सांगावे का?’ हा मावतो. त्यासाठी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४) घेता येईल, कारण त्याच्या नायकालाच हा आजार आहे.

मत खेळाआधी आणि नंतर प्रश्नांच्या चिठ्ठीवर लिहून घ्यावे, पण चिठ्ठीवर मूल्यांविषयी काही विचारू नये. ‘रुग्णांना आदराने वागवावे का?’ याला सगळेच हो म्हणतील. पुणेकर तर पाटी रंगवून देतील. त्याऐवजी वागण्याविषयी विचारावे: अशा घरात मुलगी द्याल का, अशा कुटुंबाला खोली भाड्याने द्याल का, गच्चीवरच्या कोजागिरीला त्या रुग्णाला बोलवाल का? चिठ्ठीवर नाव नको, मात्र प्रत्येकाने स्वतःची एक खूण ठरवावी, म्हणजे त्याच माणसाच्या आधीच्या आणि नंतरच्या चिठ्ठ्या जुळवता येतात. मग सोडत काढून निम्म्या लोकांना चित्रपट आता दाखवावा आणि उरलेल्यांना महिन्याने. प्रश्न मात्र दोघांनाही एकाच वेळी विचारावेत.

हा दुसरा गट का लागतो, ते पुण्याच्याच इतिहासातून समजते. प्रभात फिल्म कंपनीने १९३७ साली ‘कुंकू’ काढला, ज्यात वृद्ध विधुराशी फसवून लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायलाच नकार देते. या चित्रपटाने जरठ-कुमारी विवाहाविरुद्ध लोकमत घडवले, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु त्याच दुखण्यावरचे देवलांचे ‘शारदा’ १८९९ मध्येच रंगभूमीवर आले होते आणि बालविवाहाला आळा घालणारा कायदाही १९२९ मध्ये झाला होता. मग ‘कुंकू’ने मन बदलले, की बदलत आलेल्या मनाला नीरेचा करारी चेहरा दिला? माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, पण चित्रपट न पाहिलेल्यांची मते हाताशी असल्याशिवाय ते सिद्ध करता येत नाही.

रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थतज्ज्ञांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाची युक्तीही हीच होती. २००१ ते २००३ या काळात भारतातील ज्या गावांत केबल टीव्ही पोहोचला, त्यांची तुलना त्यांनी न पोहोचलेल्या गावांशी केली. केबल आलेल्या गावांत नवऱ्याची मारहाण योग्य मानण्याचे आणि मुलगाच हवा म्हणण्याचे प्रमाण घटलेले आढळले. अर्थात ही स्त्रियांनी सांगितलेली उत्तरे होती. घरात प्रत्यक्ष काय घडत होते, हा प्रश्न वेगळा. मालिका तपासायची असेल, तर एका भागावर विसंबू नये. जेवणाच्या वेळी रोज दिसणारी गोष्ट हळूहळू मुरते, म्हणून निदान महिनाभराची नोंद ठेवावी.

खेळ संपताच दुसरी चिठ्ठी भरून घ्यावी आणि मगच चर्चेला बसावे, कारण चर्चेत ज्याचा आवाज मोठा त्याचे मत इतरांच्या चिठ्ठीत उतरते. वयाने किंवा मानाने मोठ्यांना शेवटी बोलण्याची विनंती करावी. उलट परिणामाचीही तयारी ठेवावी. ‘ऑल इन द फॅमिली’ या अमेरिकी मालिकेत पूर्वग्रहदूषित बापाची खिल्ली उडवली होती, तरी विडमार आणि रोकीच या संशोधकांना १९७४ साली असे दिसले की, मुळात पूर्वग्रह असलेले प्रेक्षक त्याच बापाच्या बाजूने झुकत होते. म्हणून नुसती सरासरी काढू नये. कोणाचे उत्तर कोणत्या दिशेने सरकले, हे खुणेनुसार पाहावे.

तिसरी चिठ्ठी तीन आठवड्यांनी द्यावी. तिच्यात जुन्या प्रश्नांखाली एक नवा प्रश्न घालावा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: या दिवसांत हा विषय तुमच्या घरात निघाला का, आणि निघाला असेल तर कोणी काढला?