बोत्सवाना समजून घ्यायचा तर नकाशात आधी पाणी शोधा

मी वर्गात बोत्सवाना शिकवते तेव्हा राजधानीपासून सुरुवात करत नाही. आधी बोट अंगोलाच्या डोंगराळ भागावर ठेवा. तिथला पाऊस ओकावांगो नदीतून कित्येक आठवडे संथ वाहत येतो आणि जून ते ऑगस्टमध्ये, बोत्सवानात ऐन कोरडा हंगाम असताना, तिथला त्रिभुज प्रदेश भरून टाकतो. ही नदी समुद्राला मिळतच नाही! पाणी वाळूत मुरतं, बरंचसं उन्हानं उडून जातं. मला हे दर वर्षी तितकंच विलक्षण वाटतं. आता दक्षिणेकडे या. देशाचा बहुतेक भाग कलाहारी वाळवंटानं व्यापलाय, म्हणून वस्ती पूर्वेच्या पट्ट्यात दाटली आहे. राजधानी गाबोरोनेही तिथंच, दक्षिण आफ्रिकेच्या सीमेजवळ.

राज्यव्यवस्थेत एक गोष्ट पक्की धरा: राष्ट्राध्यक्ष थेट मतदानानं निवडला जात नाही, संसदेतल्या बहुमतावर ठरतो. १९६६च्या स्वातंत्र्यापासून सत्तेत असलेला पक्ष २०२४मध्ये हरला, डुमा बोको राष्ट्राध्यक्ष झाले आणि सत्तांतर शांततेत पार पडलं. पारंपरिक प्रमुखांचं 'न्तलो या दिकगोसी' हे सभागृह वगळू नका. त्याचं काम सल्ला देण्याचं. गावोगावी 'कगोत्ला' ही खुली सभा भरते, वहीत तिची नोंद या सभागृहाच्याच खाली करा.