भर बाजारात लेकरानं लोळण घेतली तर
साताऱ्यात राजवाड्यावर संध्याकाळी फुग्यासाठी लेकरू जमिनीवर लोळण घेतं, लोक बघतात आणि आपलाही पारा चढतो. तेव्हा समजावत बसू नका. १ ते ४ वर्षांच्या मुलाला राग आवरणं अजून जमतच नसतं. रडण्याच्या भरात शब्द कानात शिरत नाहीत. गर्दीतून बाजूला न्या, समोर उकिडवं बसा, हळू आवाजात एवढंच म्हणा, ‘फुगा हवा होता ना? राग आला तुला. मी इथंच आहे.’ मग गप्प राहा. आवळलेल्या मुठी सैल झाल्या, हुंदके थांबले की जवळ घ्या, पाणी पाजा. फुगा मात्र घेऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी लोळण आणखी लांबते. बरेचदा मूळ भुकेत किंवा मोडलेल्या झोपेत असतं. घरून निघतानाच दोन घास भरवा.