पिझो आरशाचा हिस्टेरेसिस: या चुका टाळा

व्होल्टेज दिलं की किंचित ताणले जाणारे पिझो मागे लावून ज्याचा आकार बदलता येतो, तो पिझो आरसा. उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर हात बसलेल्या मित्राला त्याचा हिस्टेरेसिस सांगायला गेलो, तर तो म्हणाला, "म्हणजे बॅकलॅशच की ओ!" बेळगावातल्या आमच्या छोट्या ऑप्टिक्स बाकावर मीही सुरुवातीला तेच धरून चाललो होतो. पहिली चूक तीच. बॅकलॅश म्हणजे स्क्रूमधला प्ले, ढिलेपणा; तो ठरावीक असतो. नेहमी एकाच बाजूने आलं की भागतं. हिस्टेरेसिस वेगळा: पिझो आधी किती ताणला होता, कुठून माघारी फिरला, त्यावर त्याच व्होल्टेजला आरशाचा आकार वेगळा येतो. हा फरक स्ट्रोकच्या, म्हणजे एकूण हालचालीच्या, 10 ते 15 टक्क्यांपर्यंत जातो. 5 मायक्रॉनला 10 टक्के म्हणजे अर्धा मायक्रॉन. परावर्तनात तो दुप्पट, म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या जवळजवळ दोन तरंगलांब्या!

शंका असेल तर व्होल्टेज हळूहळू चढवा-उतरवा, आधी थोडं, मग जास्त, आणि आरशाचा आकार मोजणाऱ्या सेन्सरचं वाचन त्यासमोर आलेखात मांडा. चढ-उताराच्या रेषांमधला वळसा व्होल्टेजच्या हेलकाव्यासोबत रुंदावला तर हिस्टेरेसिस. रुंदी तेवढीच राहिली तर आधी माउंटचे स्क्रू तपासा.

इंटरॅक्शन मॅट्रिक्स, म्हणजे कोणता पिझो ढकलला की सेन्सरवर किती फरक पडतो त्याचा तक्ता, एकाच बाजूला ढकलून मोजू नका. अधिक आणि उणे, दोन्ही ढकला, वजाबाकी करून निम्मं करा. ढकलणंही कामात लागेल तेवढंच ठेवा, कारण छोट्या हेलकाव्याला पिझो कमी प्रतिसाद देतो.

पावसाळ्यात करंट जातो, परत येतो, आणि आपण कालची 'सपाट' व्होल्टेजं चढवतो. आरसा सपाट होत नाही. मग सेन्सरला शिव्या. आधी जवळजवळ पूर्ण रेंजमधून कमी कमी होत जाणारी साइन लहर देऊन जुनी आठवण पुसा, मग ती व्होल्टेजं द्या. त्यानंतरही काही मिनिटं थांबा. पिझो क्रीपने, म्हणजे व्होल्टेज तेच असूनही, हळूहळू सरकत राहतो.

क्लोज्ड लूपमध्ये, म्हणजे सेन्सर बघून व्होल्टेज सतत सुधारत असताना, उगाच हिस्टेरेसिसचं जड मॉडेल घालू नका. उरलेली चूक साठवत दुरुस्ती करणारा इंटिग्रेटर बरंचसं सांभाळून घेतो, फक्त गेन, म्हणजे दुरुस्तीचा जोर, अगदी काठावर नेऊन ठेवू नका. आरशाचं वाचन परत न घेणाऱ्या ओपन लूपला मात्र प्रांटल-इश्लिन्स्कीसारखं उलटं मॉडेल, म्हणजे हव्या त्या आकारासाठी व्होल्टेज काढणारं गणित, लागतं, आणि आमची सगळ्यात महागडी चूक तिथलीच. कमांड मर्यादेबाहेर गेली की आरशाला व्होल्टेज पुरवणारा ड्रायव्हर ती कापायचा, पण मॉडेलला आम्ही न कापलेलीच देत होतो. मॉडेलची आठवण एक, आरशाची दुसरी. दोन आठवडे गेले. ड्रायव्हरने खरोखर पाठवलेलं व्होल्टेजच मॉडेलला द्या, आणि दर रीसेटला मॉडेलही शून्यावर आणा.