रात्री दीडला कुणी बोलतच नाही? नंबर्स स्टेशन ऐकताना या चुका टाळा

शॉर्टवेव्हवरची नंबर्स स्टेशनं ऐकायचा नाद नव्याने लागलेल्या माणसाची तक्रार ठरलेली असते. आठवडाभर जागलो, कानात खरखर भरून घेतली, एक आकडा ऐकू आला नाही. त्यावरून तो दोन निष्कर्ष काढतो: एकतर रेडिओ भंगार आहे, नाहीतर हेरांनी स्टेशन बंद केलंय. बहुतेक वेळा दोन्ही खोटे असतात. दोष असतो घड्याळात, नाहीतर भिंतीतल्या चार्जरमध्ये.

ज्यांना हे प्रकरणच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर एक आवाज चार-चार किंवा पाच-पाच आकड्यांचे गट वाचतो आणि निघून जातो. कधी आवाजाऐवजी मोर्स असतो, कधी नुसता डिजिटल खरखराट. ज्याच्यासाठी निरोप आहे तो परदेशात एका साध्या रेडिओवर बसून उतरवून घेतो. फोन नाही, इंटरनेट नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याचा मागही उरत नाही. मोबाईलच्या काळातही हा जुना प्रकार टिकलाय तो यामुळेच.

वेळापत्रक वाचताना दिवस चुकतो

हौशी ऐकणाऱ्यांची सगळी वेळापत्रकं यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. एवढं सगळ्यांना माहीत असतं, तरी घोटाळा होतो तो वाराचा. वेळापत्रकात बुधवार, २००० यूटीसी (म्हणजे रात्रीचे आठ) लिहिलंय. साडेपाच मिळवले की रात्रीचा दीड, आणि कॅलेंडरवर तोवर गुरुवार लागलेला असतो. माणूस मात्र ‘बुधवारी रात्री दीड’ एवढंच डोक्यात ठेवतो, मंगळवारची जेवणं झाल्यावर अलार्म लावतो आणि चोवीस तास आधी उठून बसतो. उपाय सोपा आहे. रेडिओशेजारी एक स्वस्त घड्याळ यूटीसीवर लावून ठेवा आणि डोक्यात हिशेब करणं बंद करा.

दुसरी गोष्ट, बरीच स्टेशनं महिन्याप्रमाणे किंवा ऋतूप्रमाणे फ्रिक्वेन्सी बदलतात. मार्चची यादी घेऊन जूनमध्ये बसलात तर रिकाम्या हाताने उठाल.

मेलेल्या स्टेशनची वाट बघणं

या छंदात लोक येतात ते व्हिडिओ पाहून, आणि व्हिडिओंत गाजलेली स्टेशनं बरीचशी इतिहासजमा आहेत. ‘लिंकनशायर पोचर’ नावाने ओळखलं जाणारं ब्रिटिश स्टेशन सायप्रसमधल्या अक्रोतिरीच्या हवाई तळावरून चालायचं, असं हौशी लोकांनी दिशा मोजून शोधलं होतं. ते २००८ मध्ये बंद पडलं. त्याचं भावंड ‘चेरी राइप’ २००९ मध्ये. लहान मुलीच्या आवाजात जर्मन आकडे वाचणारं, अंगावर काटा आणणारं स्टेशन पोलंडचं होतं आणि ती मुलगी म्हणजे एक यंत्र होतं. तेही १९९८ मध्ये संपलं. यांच्या जुन्या फ्रिक्वेन्सीवर ताटकळण्यात अर्थ नाही.

आपल्याकडून सुरुवात करायची तर मी तैवानचं चिनी स्टेशन सुचवेन. हौशी ऐकणाऱ्यांच्या यादीत त्याचा क्रमांक व्ही१३. बासरीच्या सुरांनी सुरू होतं, मग बाई चार-चार आकड्यांचे गट वाचते. ते साध्या रेडिओवरच्या एएम पद्धतीत असतं, म्हणजे फार महागडा रेडिओ लागत नाही, आणि पूर्वेकडून येत असल्यामुळे संध्याकाळनंतर आपल्याकडे बरं लागतं. ८३०० किलोहर्ट्झ ही त्याची जुनी, अनेकांनी नोंदवलेली जागा. क्यूबाचं एचएम०१ मात्र पृथ्वीच्या जवळपास पलीकडच्या बाजूला आहे. त्यासाठी गच्चीवर तार ओढून स्वतःला छळू नका, अमेरिकेतला एखादा इंटरनेटवरचा रिसीव्हर उघडा.

मे महिन्यात बझर शोधणं

रशियाचा ४६२५ किलोहर्ट्झवरचा ‘बझर’ सगळ्यांना ऐकायचा असतो. खरं म्हणजे तो नंबर्स स्टेशन नव्हेच. ती रशियन लष्कराची वाहिनी मानतात. दिवसरात्र गुर्र-गुर्र चालते आणि क्वचित कधीतरी रशियनमध्ये एखादा निरोप. पण हौस असतेच.

इतकी खालची फ्रिक्वेन्सी दिवसा लांब जात नाही, कारण उन्हामुळे विद्युतभारित झालेला वरच्या वातावरणातला खालचा थर तिला गिळतो. पूर्ण वाटेवर अंधार हवा. जूनमध्ये मॉस्कोत सूर्य मावळतो तेव्हा आपल्याकडे रात्रीचे पावणेबारा वाजलेले असतात, आणि तिकडचा अंधारही नावापुरता. डिसेंबरात तिथला सूर्यास्त आपल्या साडेसहाला होतो. तोपर्यंत लातूर-नांदेडलाही अंधार पडलेला असतो आणि पुढे पहाटेपर्यंत वाट मोकळी. शिवाय उन्हाळ्यातल्या ढगांचा कडकडाट तेव्हा नसतो. थोडक्यात, ज्वारी-हरभऱ्याच्या राखणीचे दिवस हेच बझरचे दिवस.

गोंगाट घरातलाच असतो

याच्यावर जरा थांबतो, कारण दहातल्या आठ तक्रारी इथे मिटतात.

एलईडी दिवा, मोबाईलचा चार्जर, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, वायफायचा अडॅप्टर, इन्व्हर्टर. यातलं प्रत्येक यंत्र शॉर्टवेव्हवर थोडी घाण टाकतं. सगळी मिळून इतकी होते की पाच हजार किलोमीटरवरून आलेला बारीक आवाज त्यात बुडून जातो. तपासायची पद्धत अशी: रेडिओ सेलवर चालवा, चार्जरवर नको. मग घराचा मेन स्विच बंद करा. खरखर एकदम खाली गेली तर चोर घरात आहे. आता एकेक एमसीबी वर करत जा आणि कुठल्या खोलीने आवाज वाढतो ते ऐका. चोर सापडला की निम्मं काम झालं. बरेचदा तो एखादा रस्त्यावर घेतलेला बिनकंपनीचा चार्जर निघतो.

लोडशेडिंगला आपण आयुष्यभर शिव्या दिल्या. शॉर्टवेव्हवाल्यासाठी मात्र ती पर्वणी आहे. सगळ्या आळीचा गोंगाट एका झटक्यात थांबतो. शेजाऱ्यांनी इन्व्हर्टर घेतले असतील तर सुखही अर्धंच, पण अर्धं तर अर्धं. लाईन जाते त्या वेळी सेलवरचा रेडिओ तयार ठेवा.

आखाड्यावर जाऊन ऐकणारे म्हणतात की शेतात तर काही नाही, मग आवाज कुठून? शेतातही असतं. सोलर पंपाचा कंट्रोलर दिवसभर गुणगुणतो, सूर्य मावळला की गप्प. डीपीवरचा सैल जोड कोरड्या हवेत चरचरतो आणि पाऊस पडला की कधी सुधारतो, कधी बिघडतो. सगळ्यांत फसवं म्हणजे रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन. साधारण सेकंदाला एक ‘टक’, रात्रभर, न चुकता. नवा माणूस ते घड्याळाचे ठोके समजतो, त्याहून उत्साही असेल तर हेरांचा संकेत. परीक्षा एकच: फ्रिक्वेन्सी बदला. शंभर किलोहर्ट्झ इकडे-तिकडे गेल्यावरही तोच ‘टक’ तेवढ्याच जोरात ऐकू आला तर तो मॉस्कोहून नाही, शेजारच्या बांधावरून येतोय.

तार ओढताना

आरसीसीच्या घरात, बंद खिडकीशेजारी, रेडिओची स्वतःची काडी वर करून काही होणार नाही. दहा-पंधरा मीटर साधी वेष्टण असलेली तांब्याची तार गच्चीवर ओढली तरी जमीन-अस्मानाचा फरक पडतो. जास्त लांब म्हणजे जास्त चांगलं, असं मात्र नाही. छोट्या रेडिओला पन्नास मीटर तार जोडली की जोरदार स्टेशनं एकमेकांवर चढतात आणि सगळीकडे कालवा होतो. तेव्हा रेडिओवर ‘लोकल’ असं बटण असेल तर ते दाबा, नाहीतर तार आखूड करा.

महावितरणच्या तारेवरून, खालून किंवा शेजारून अँटेना नेऊ नका. तार तुटली तर ती कुठे पडेल याचा आधी विचार करा. वानरं तिच्यावर लोंबकळणारच, हे धरून चला.

मराठवाड्यात विजा जीव घेतात हे आपल्याला सांगायला नको. वळवाचे ढग दिसले की तार रेडिओपासून काढून घराबाहेर टाका, आणि हे गडगडाट सुरू व्हायच्या आधी करा. उन्हाळ्यातल्या कोरड्या, धुळीच्या वाऱ्यातसुद्धा लांब तारेवर भार साठतो आणि जोडताक्षणी रेडिओची पुढची बाजू जाळू शकतो. वारं पडल्यावर तार आधी जमिनीत रोवलेल्या सळईला टेकवा, मगच रेडिओत खोचा. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि सळई मोकळी होते, म्हणून तिच्याभोवती कोळसा-मीठ टाकून अधूनमधून पाणी सोडा. घरातल्या थ्री-पिनच्या अर्थिंगला रेडिओ जोडू नका. त्यातूनच सगळा गोंगाट आत येतो.

मोड चुकतो, भुतं दिसतात

सिलोनच्या काळातला आजोबांचा रेडिओ प्रेमापोटी काढला जातो. त्यावर २५, ३१, ४१ मीटर असे ठरलेले पट्टे असतात. नंबर्स स्टेशनं बरीचशी या पट्ट्यांच्या मधल्या जागेत बसतात, जिथे तो काटा जातच नाही. शिवाय काही स्टेशनं यूएसबीमध्ये बोलतात. हे पेनड्राइव्हचं यूएसबी नव्हे, अप्पर साइडबँड. एएमवर ठेवून ते ऐकलं तर शब्द कळत नाही. रेडिओ घेताना ‘एसएसबी’ (साइडबँड ऐकायची सोय) आहे का, एवढं विचारा.

मग भुतं. स्वस्त रेडिओत ४५५ किलोहर्ट्झचा मधला टप्पा असतो, त्यामुळे जोरदार स्टेशन खऱ्या जागेपासून ९१० किलोहर्ट्झ खाली पुन्हा दिसू शकतं. ९८६५ वरचं स्टेशन ८९५५ वर ‘सापडतं’ आणि नवशिका नवीन शोधाची बातमी देतो. संगणकाला लावून रेडिओसारखं वापरायच्या स्वस्त एसडीआर डोंगलमध्ये, शॉर्टवेव्ह थेट घ्यायच्या ‘डायरेक्ट सॅम्पलिंग’ सेटिंगवर, १४.४ मेगाहर्ट्झभोवती आरसा असतो. १७ वरचं ११.८ वर दिसतं. काही सापडलं की आधी हे दोन हिशेब करा.

त्याहून पक्की तपासणी म्हणजे नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा इंटरनेटवरचा रिसीव्हर त्याच वेळी त्याच फ्रिक्वेन्सीवर लावणं. तिथे ऐकू येतंय आणि आपल्याकडे नाही, तर स्टेशन चालू आहे, अडचण वाटेत किंवा घरात. तिथेही नाही, आशियातल्या दुसऱ्या रिसीव्हरवरही नाही, तर वेळापत्रक पुन्हा वाचा. याला काही लोक लबाडी म्हणतात. मला ती अक्कल वाटते.

आकडे वाचणारा प्रत्येकजण हेर नव्हे

६६७६ किंवा ११३८७ किलोहर्ट्झवर तासातल्या २५ आणि ५५ व्या मिनिटाला इंग्रजीत एकसुरी आकडे सुरू होतात. ते मुंबईचं वोल्मेट, विमानांसाठी हवामान. वारा, दृश्यता, हवेचा दाब. ८९९२ आणि १११७५ वर अल्फा-ब्राव्होच्या चालीत अक्षरं-आकडे आले तर ते अमेरिकी हवाई दल, उघड उघड. ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झवरचे ठोके चीनच्या वेळेच्या स्टेशनचे. ७०३९ च्या आसपास मोर्समधलं एकच अक्षर पुन्हा पुन्हा आलं तर रशियन नौदलाची खूण. आणि सगळा पट्टा व्यापणारी जोराची घरघर म्हणजे क्षितिजापलीकडचं रडार.

सोडवायला बसणं

वह्याच्या वह्या भरून लोक आकड्यांत अर्थ शोधतात. हे होणार नाही, आणि का होणार नाही ते समजून घेतलं तर वेळ वाचतो. निरोप ४८२१३. किल्ली, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा या दोघांकडेच असलेले गुप्त आकडे, ७७५९०. हातचा न घेता एकेक आकडा मिळवा: १५७०३. हवेतून जातं ते १५७०३. किल्ली खरोखर यादृच्छिक असेल आणि एकदाच वापरून जाळली असेल, तर १५७०३ मधून कुठलाही पाच आकडी निरोप निघू शकतो, त्यातला खरा कोणता हे सांगायला काहीच उरत नाही. क्लॉड शॅननने १९४९ मध्ये याची गणिती सिद्धता प्रसिद्ध केली. सोव्हिएतांचे काही निरोप अमेरिकेने फोडले ते युद्धाच्या धांदलीत, १९४२ मध्ये, किल्ल्यांची पानं दोनदा छापली गेली म्हणून.

पकडले जातात तेही आकड्यांमुळे नव्हे. अमेरिकेच्या संरक्षण गुप्तवार्ता संस्थेतली आना मोंतेस क्यूबासाठी काम करायची, शॉर्टवेव्हवर आकडे घ्यायची आणि लॅपटॉपवर उलगडायची. पुसलेला मजकूर हार्डडिस्कवर राहिला होता. सप्टेंबर २००१ मध्ये तिला अटक झाली.

फोडता येत नाही म्हणजे समजत काहीच नाही, असं नाही. रशियन गटातलं ई०७ घ्या. सुरुवातीला तीन आकड्यांची ओळख येते. समजा ७-५-८. त्या रात्रीच्या तीन फ्रिक्वेन्सींमधले शेकड्याचे आकडे तेच असतात. पहिलं प्रसारण हुकलं तर वीस मिनिटांनी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर, चाळीस मिनिटांनी तिसऱ्यावर तेच पुन्हा. ओळखीनंतर ००० आलं तर आज निरोप नाही. हे कळलं की एका प्रसारणावरून पुढची दोन शोधता येतात, आणि या छंदातली खरी मजा तिथे आहे.

वही

‘रात्री चिनी बाई ऐकली’ ही नोंद नव्हे. यूटीसी तारीख-वेळ, फ्रिक्वेन्सी, मोड, भाषा, गट चार आकडी की पाच, सुरुवात कशी, शेवट कसा, एवढं हवं. भाषा ओळखता यावी म्हणून शून्य ते नऊ रशियन, स्पॅनिश आणि चिनीत पाठ करा, एका रविवारचं काम आहे. ऐकू न आलेला आकडा अंदाजाने भरू नका, तिथे रेघ मारा. शक्य असेल तर मोबाईलवर ध्वनिमुद्रण ठेवा. दुसऱ्या दिवशी शांतपणे ऐकल्यावर निम्म्या ‘रशियन’ आवाजांची भाषा बदलते.

ऐकणं आणि बोलणं यातली रेघ पाळा; ट्रान्समीटर चालवायला दूरसंचार खात्याचा परवाना लागतो. गच्चीवरची तार कशाची, हे घरमालकाला आणि शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा. मध्यरात्री हेडफोन लावा. उघड्या खिडकीतून आकडे बाहेर गेले तर सकाळी टपरीवर कुणीतरी हळूच विचारणारच की भाऊ, आज कल्याणला काय लावू?