तिळाचे लाडू: पाकापासून पाकिटापर्यंत

तिळाचे लाडू बिघडले की दोष सहसा तिळाचा नसतो, पाकाचा असतो. पाक साधला तरी मुंबईत दुसरी पायरी उरतेच, ती म्हणजे दमट हवा. सकाळी खुटखुटीत असलेला लाडू उघड्या ताटात राहिला तर संध्याकाळपर्यंत बोटाला चिकटतो. या दोन गोष्टी सांभाळल्या, तर संक्रांतीला केलेले लाडू रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवांना पुरतात, शिवाय परगावच्या लेकीसुनांनाही पाठवता येतात.

सामान

तीळ ५०० ग्रॅम, चिकीचा गूळ ५०० ग्रॅम, शेंगदाणे १०० ग्रॅम, पंढरपुरी डाळं ५० ग्रॅम, सुकं खोबरं ५० ग्रॅम, साजूक तूप दोन मोठे चमचे, वेलचीपूड एक चहाचा चमचा. साधारण २० ग्रॅमचा एक, असे ५५ ते ६० लाडू होतात. वाटायला हाच आकार बरा, सुपारीपेक्षा मोठा आणि लिंबापेक्षा लहान. मोठे लाडू चावताना दातांची परीक्षा होते आणि अर्धे तसेच राहतात.

तीळ बिनपॉलिशचे घ्या. पॉलिशचे पांढरेशुभ्र तीळ दिसतात छान, पण भाजल्यावर खमंगपणात मागे पडतात. बिनपॉलिशच्या तिळात माती आणि बारीक खडे असतात, त्यामुळे निवडणं टाळू नका. धुवायचे असतील तर आदल्या दिवशी धुऊन, निथळून, सुती कापडावर पंख्याखाली रात्रभर पसरा. ओलसर तीळ कढईत आधी वाफतात आणि मग कुठे भाजले जातात, तोवर रंग असमान झालेला असतो.

गुळाच्या बाबतीत तडजोड नको. दुकानात नुसता ‘गूळ’ मागितला तर पोळीचा साधा गूळ हातात येईल. ‘चिकीचा गूळ’ असंच सांगा. जानेवारी लागला की दादर, गिरगाव, लालबागच्या वाणसामानाच्या दुकानांत तो सहज मिळतो. हा गूळ चिवट असतो, त्याचा पाक ताणला जातो आणि तिळाला धरून ठेवतो. साध्या गुळाचा कडक पाक करायला गेलं की तो रवाळ होतो आणि लाडू फुटतात.

भाजणं

जाड बुडाची कढई, मंद ते मध्यम आच. तीळ एकदम न भाजता दोन वेळा भाजा. पाच-सहा मिनिटांत ते तडतडू लागतात, थोडे फुगतात, आणि दोन बोटांत चुरडले तर सहज मोडतात. तिथेच थांबा आणि लगेच परातीत काढा, कारण गॅस बंद केला तरी तापलेल्या कढईत ते भाजतच राहतात. करपलेल्या तिळाचा कडूपणा गुळानेही झाकत नाही. शेंगदाणे भाजून, सालं काढून जाडसर कुटा; पार पीठ केलं तर तेल सुटतं. खोबरं किसून बदामी होईपर्यंत भाजा. डाळं नुसतं गरम करा. सगळं एका परातीत एकत्र करून वेलची घाला आणि पाक होईपर्यंत कोमट राहू द्या. थंडगार तिळात पाक ओतला की मिश्रण वळायच्या आधीच आवळतं.

पाक

ज्यांनी लाडू वळायचे त्यांना आधी हाक मारा. पाक झाल्यावर कुणाची वाट बघायला वेळ नसतो.

कढईत तूप आणि बारीक चिरलेला गूळ घाला. पाणी नको, फार तर एक चमचा, तेही गूळ खूपच कोरडा असेल तर. मंद आचेवर ढवळत राहा. गूळ पूर्ण विरघळला, वर फेस आला की शेजारी वाटीत थंड पाणी तयार ठेवा आणि दर अर्ध्या मिनिटाने एक थेंब टाकून बघा. बघताना गॅस अगदी बारीक करा, कारण तुम्ही वाटीत बोट घालेपर्यंत कढईतला पाक पुढे सरकलेला असतो.

थेंब पाण्यात पसरला तर पाक कच्चा आहे. गोळा झाला पण दाबल्यावर चपटा झाला तर तो मऊ वड्यांचा पाक. गोळी घट्ट झाली, दाबून चपटी होत नाही आणि ताटलीत टाकल्यावर ‘टण्’ वाजते, हा आपला लाडवांचा पाक. याच्याही पुढे गेला आणि गोळी काचेसारखी तुटली, तर ती चिकीची वेळ. तो पाक वळता येत नाही, लाटूनच टाकावा लागतो. थर्मामीटर असेल तर मऊ गोळी साधारण ११५ अंश सेल्सिअसला आणि टणक गोळी १२१ ते १३० दरम्यान होते. पण गूळ काही शुद्ध साखर नव्हे, दर ढेपेत थोडा फरक पडतो. म्हणून शेवटचा शब्द पाण्याच्या वाटीचाच.

पाक झाला की गॅस बंद करून परातीतलं सगळं घाला आणि उलथन्याने भराभर कालवा.

वळणं

कढई गरम तव्यावर ठेवा, मिश्रण जास्त वेळ वळण्याजोगं राहतं. एकाने चमच्याने छोटे छोटे ढीग तूप लावलेल्या ताटात टाकत जावं, बाकीच्यांनी वळावं. तळहाताला पाण्याचा नुसता पुसट हात पुरतो. ओलेत्या हातांनी वळलेले लाडू दुसऱ्या दिवशी चिकट होतात, आणि मग दोष गुळाला दिला जातो. मिश्रण भाजतं, तेव्हा मुलांना ढीग जरा निवल्यावरच हात लावू द्या.

मिश्रण कढईतच घट्ट झालं तर मंद आचेवर एखादं मिनिट ठेवा, पुन्हा सैल होतं. वळलेले लाडू ताटात बसू लागले, म्हणजे पाक कच्चा राहिला: सगळे परत कढईत घालून दोन-तीन मिनिटं मंद आचेवर परता आणि पुन्हा वळा. फारच कडक झाले तर खलबत्त्यात कुटून त्यात थोडा साधा गूळ आणि कोमट तूप मिसळा, मऊ लाडू होतील. पाक करपला असेल तर मात्र काही इलाज नाही.

दातांची तक्रार असणाऱ्यांसाठी

दोन वाट्या भाजलेले तीळ मिक्सरला थांबत थांबत भरड करा, त्यात एक वाटी दाण्याचं कूट. दीड वाटी साधा गूळ चमचाभर तुपात मऊ गोळीपर्यंतच पाकवा, सगळं कालवून तूप लावलेल्या ताटात थापा, वरून सुकं खोबरं पेरा आणि गरम असतानाच सुरीने वड्या पाडा. गार झाल्यावर कापायला गेलात तर तुकडेच हाती येतील.

काटेरी हलवा घरी करायच्या भानगडीत मुंबईकरांनी न पडलेलं बरं. त्याला काटा यायला कोरडी थंडी आणि चिकाटी दोन्ही लागतात, आणि इथे पहिलीच गोष्ट मिळत नाही. तो विकत आणा, लाडवांसोबत मूठभर द्या.

डब्यात आणि पाकिटात

लाडू पूर्ण गार झाले की लगेच, म्हणजे तासाभरातच, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा. गरम भरले तर वाफ धरते, उशीर केला तर हवेचा ओलावा. तळाशी आणि दोन थरांच्या मध्ये बटर पेपर घाला. फ्रिजमध्ये ठेवू नका. बाहेर काढल्याबरोबर पाणी सुटतं. असे लाडू तीन आठवडे चांगले राहतात, मऊ वड्या पंधरा दिवसांत संपवाव्यात.

हळदीकुंकवाला द्यायचे तर एका पाकिटात चार-पाच लाडू पुरेत. पाकीट वेगळं बंद करा आणि मगच वाणाच्या पिशवीत ठेवा. साबण, अगरबत्ती, कापूर यांच्या शेजारी उघडा लाडू दोन तासांत तोच वास घेतो. कुरिअरने पाठवताना लाडू एकेक बटर पेपरात गुंडाळा, डब्यातली रिकामी जागा चुरगळलेल्या कागदाने भरा, डबा हलवून बघा. आतून आवाज आला तर अजून कागद हवा.

पाकिटावर ‘तीळ, शेंगदाणे, तूप’ एवढं आणि केल्याची तारीख लिहा. शेंगदाण्यांची किंवा तिळाची अॅलर्जी असणारं कुणी शेजारपाजारी असू शकतं. परदेशी पाठवताना तर हे हवंच: अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून पाकिटबंद खाद्यपदार्थांवर तिळाचा उल्लेख करणं सक्तीचं आहे, त्यामुळे तिकडची माणसं तो शोधूनच पाकीट फोडतात.